शेजारच्या मशीनचा आवाज

ऐकू येईनासे झाले की माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा वागू लागतो. प्रथम तो "काय म्हणालात?" असे विचारतो, मग विचारणे सोडून नुसता हसतो, आणि शेवटी हसणेही सोडून देतो. श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करणाऱ्या काकूंनी अशी पुष्कळ माणसे पाहिली होती. ती मुलासुनेचा हात धरून दुकानाच्या पायऱ्या चढत, खुर्चीत अंग चोरून बसत आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहत. यंत्र कानामागे बसले आणि दुकानाच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, त्याचे बारीक चाक फिरवले की त्या माणसांचे डोळे आधी ऐकत आणि कान मागाहून. हे पाहण्यात काकूंचे अर्धे आयुष्य गेले होते.

काकू दुकानात लागल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांचे काम हातांचे होते. गिऱ्हाइकांच्या कानात बसणारे साचे कोमट पाण्यात धुवायचे, यंत्र आणि साचा जोडणाऱ्या नळीत बसलेला मळ केसासारख्या तारेने काढायचा, बॅटरीचे झाकण नीट बसते की नाही ते पाहायचे. पुढे वय झाल्यावर, नातवंडे शाळेत जाऊ लागल्यावर, त्या प्रौढांच्या वर्गात जाऊन बसल्या. "साठी बुद्धी नाठी" म्हणून घरच्यांनी थट्टा केली. काकूंनी ती या कानाने ऐकली आणि त्या कानाने सोडली. वर्गाच्या मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या होत्या. त्या चुकीखाली लाल रेघ मारून म्हणत, "काकू, चूक दाखवणारा माणूस आपला असतो. परका माणूस हसून पुढे जातो." हे वाक्य काकूंनी मनात कोरून ठेवले. ज्याला लिहिणे लहानपणी फुकट मिळते त्याला चूक म्हणजे धूळ वाटते, झटकली की गेली. काकूंना मात्र प्रत्येक अक्षर घाम गाळून मिळाले होते. दुसऱ्याच्या लिहिण्यातली चूकसुद्धा त्यांना दाताखाली आलेल्या खड्यासारखी लागे.

साहेबांच्या दुकानात एक रीत होती. नवे यंत्र घेतलेला माणूस पहिल्या तपासणीला आला की त्याला एक कोरी चिठ्ठी दिली जाई आणि यंत्र लावल्यावर घरी कोणता आवाज ऐकला, ते त्याने स्वतःच्या हाताने लिहावे, असे सांगितले जाई. या चिठ्ठ्या आतल्या खोलीतील बोर्डावर टाचणीने लावलेल्या असत. एका रखवालदाराने लिहिले होते की त्याला स्वतःच्या चपलेचा आवाज आला आणि मागे कोणी आहे असे वाटून तो वळून पाहत राहिला. एका गृहस्थाने लिहिले होते, "बायको एवढी बडबडते हे माहीत न्हवत. यंत्र चांगल आहे पन विचार करून घ्यावे." ही चिठ्ठी वाचून नवी गिऱ्हाइके हसत आणि त्यांची भीड चेपत असे.

मग साहेबांची सून दुकानात बसू लागली. शिकलेली, कामाला चटपटीत आणि मनाने वाईट नसलेली अशी ती मुलगी होती. तिने ठरवले की या चिठ्ठ्या आत लपवून ठेवण्यात अर्थ नाही, त्या दुकानाच्या वेबसाइटवर टाकाव्यात आणि दारातल्या फळ्यावर दर आठवड्याला एक मोठ्या अक्षरांत लिहावी. परंतु छापण्यापूर्वी त्यांतील चुका काढाव्यात की काढू नयेत, यावरून सासऱ्यात आणि सुनेत चांगलीच जुंपली.

"बाबा, हे असं बाहेर लावलं तर लोक म्हणतील, यांच्याकडे सगळी अडाणी गिऱ्हाइकंच येतात."

"अगं, मग येतातच की. बहिरेपणा काय शाळेचा दाखला बघून येतो?"

"तसं नाही हो. वाचणाऱ्याचा विश्वास बसायला हवा. एका ओळीत चार चुका दिसल्या की माणूस पुढे वाचतच नाही."

"उलट आहे. चार चुका दिसल्या की माणसाला वाटतं, हे खरंच कोणीतरी लिहिलंय. नाहीतर सगळं तूच लिहिल्यासारखं वाटेल."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे गं. तुझ्या मराठीवर जरा कमी आहे."

सुनेने डोळे मोठे केले आणि काकूंकडे पाहिले. "काकू, तुम्ही सांगा. तुम्ही शिकलात ना सगळं नव्याने?"

काकू साचा पुसत होत्या. त्यांनी हात थांबवले आणि विचार करून उत्तर दिले. "पाहुणा फोटोला उभा राहिला आणि त्याच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात असली, तर आपण सांगतो ना? तशीच चूक काढावी. मला कोणी तशी सांगितली नसती तर मी आजही चारचौघांत हसं करून घेतलं असतं."

"ऐकलंत?" सून म्हणाली.

"ऐकलं बाई. दुकानात कान शाबूत असलेले आपण तिघंच आहोत, त्यातलं एक मत फुटलं," साहेब म्हणाले आणि त्यांनी माघार घेतली. असा चिठ्ठ्या सुधारण्याचा आणि फळा लिहिण्याचा मान काकूंकडे आला. सुधारलेली प्रत सून संगणकावर उतरवून घेऊन बोर्डावर लावी आणि मूळ चिठ्ठी रद्दीच्या टोपलीत जाई, कारण तिला पसारा खपत नसे.

काकूंनी हे काम मन लावून केले. चिठ्ठीवर बोट ठेवून त्या ओठांतल्या ओठांत एकेक अक्षर वाचत, कारण त्यांना मनातल्या मनात वाचणे कधी जमलेच नाही. वेलांटी दुरुस्त करीत, राहिलेला अनुस्वार देत. मग त्यांचा हात जरा पुढे सरकला. गृहस्थाच्या चिठ्ठीतील "बडबडते" त्यांना असभ्य वाटले, त्यांनी तेथे "बोलते" असे केले. माणसाला एकदा इस्त्रीची सवय लागली की तो रुमालाचीही घडी मोडू देत नाही, तसे काकूंचे झाले. त्यात त्यांचा अहंकार नव्हता असे म्हणता येणार नाही, परंतु दुष्टपणा खासच नव्हता.

याच दिवसांत टेलरबाईंची चिठ्ठी आली.

टेलरबाई म्हणजे कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहणारी वयस्क बाई. तिने आणि तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, त्या खोल्यांत जन्मभर कपडे शिवले होते. दोघींचे लग्न झाले नव्हते. धाकटी बेतून कापून देई आणि अक्का मशीनवर शिवी. पुढे धाकटीचे कान गेले. तेव्हा अक्काला काही सांगायचे असले की ती मशीनच्या फळीवर हात आपटे आणि तो हादरा फरशीतून धाकटीच्या पायाला कळे. मग अक्का आजारी पडली. शेवटच्या दिवशी तिने काहीतरी सांगितले. धाकटीने तिचे ओठ हलताना पाहिले, आणि त्यापलीकडे तिला काही समजले नाही. अक्का गेल्यावर नात्यातल्या एका भाच्याने मावशीला श्रवणयंत्र घेऊन दिले आणि खोलीत जागा व्हावी म्हणून मशीन विकून टाकले. हे सर्व टेलरबाईंनी पहिल्या दिवशीच काकूंना सांगितले होते, मोठ्या आवाजात, जसे बहिरी माणसे सांगतात.

तपासणीच्या दिवशी त्यांनी साहेबांसमोर बसून चिठ्ठी लिहिली. तिच्यात असे होते:

"यंत्र लावल्यापासुन मला सगळ ऐकु येत. दुपारी पूढच्या खोलीत आमच्या मशीनचा आवाज येतो. आक्का शीवत आसते. मन शांत वाटत. आपली आभारि आहे."

काकूंनी ती बोट ठेवून वाचली. चुका पुष्कळ होत्या आणि त्या त्यांनी एकामागून एक काढल्या. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यापाशी त्या अडखळल्या. मशीन विकलेले आहे. अक्का या जगात नाही. मग हा आवाज कसा येईल? बाईंना शेजारच्या मशीनचा आवाज येत असावा आणि लिहिताना गडबड झाली असावी, असा त्यांनी विचार केला. ही चूक लोकांनी वाचली तर म्हातारीला वेड लागले असे म्हणतील. उद्या त्या बाईला कोणी हसले तर तो दोष आपला, असेही त्यांना वाटले. म्हणून त्यांनी "आमच्या" या शब्दाच्या जागी "शेजारच्या" असे लिहिले आणि अक्काचे वाक्य काढून टाकले. त्याच संध्याकाळी फळ्यावर स्वच्छ अक्षरांत मजकूर झळकला:

"यंत्र लावल्यापासून मला सर्व काही ऐकू येते. दुपारी शेजारच्या मशीनचा आवाज येतो. मन शांत वाटते. आपली आभारी आहे."

चार पावले मागे जाऊन काकूंनी फळा पाहिला. त्यांना फार समाधान वाटले.

काही दिवसांनी टेलरबाई दुकानात आल्या. आत न येता त्या फळ्यासमोरच उभ्या राहिल्या. काकूंना वाटले, आपले नाव नसले तरी आपले शब्द दारात पाहून बाई सुखावल्या असतील. त्या हात पुसत बाहेर गेल्या.

"हे माझं आहे?" टेलरबाईंनी विचारले.

"तुमचंच. जरा नीटनेटकं केलंय."

"आमच्या शेजारी मशीन नाही, बाई. शेजारी मोकळा जिना आहे."

टेलरबाई फळ्याच्या जवळ गेल्या आणि एका शब्दाखाली त्यांनी बोट धरले, जणू टाका कुठे उसवला ते दाखवीत होत्या.

"हे तुम्ही कधी लिहिलंत?"

काकूंनी दिवस सांगितला.

"त्याच दिवसापासून," टेलरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा होता पण त्यात राग नव्हता, आणि राग नसल्यामुळेच काकूंच्या अंगावर काटा आला. "त्याच दिवसापासून ती शिवत नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलं. म्हणून दाखवायला आले."

साहेबांनी त्यांना आत बसवले, यंत्र काढून भिंगाखाली धरले आणि समजावून सांगितले. ते प्रामाणिक गृहस्थ होते आणि यंत्राच्या बाबतीत काही झाकून ठेवीत नसत. "बाई, तुमची चिठ्ठी वाचूनच मला शंका आली होती. तपासणीला आलात तेव्हा नळी सैल होती. मान हलली की ती साच्याला घासायची, कट्-कट् असा आवाज यायचा. मी नळी बदलली. आता यायचा नाही तो आवाज."

"नळी होती ती?"

"नळीच होती."

"नळी अशी शिवते?" टेलरबाईंनी विचारले. "चार टाके घालून थांबते, सुई बघते, आणि मग एका दमात सगळी शिवण काढते? प्रत्येकीचा पाय वेगळा असतो, डॉक्टर. अंधारात सांगेन मी, कोण शिवतंय ते."

"मी डॉक्टर नाही हो."

"तेच म्हणते मी."

साहेब हसले. टेलरबाईंनी जुनी नळी परत बसवायला सांगितली. ती टाकून दिलेली होती आणि सदोष नळी मुद्दाम बसवणे साहेबांच्या धंद्याच्या नियमात बसणारे नव्हते. टेलरबाईंनी फार आग्रह केला नाही. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दारापाशी काकूंकडे वळल्या.

"आवाज यांनी काढला, त्याचं मी काही म्हणत नाही. त्यांचं कामच आहे ते. पण वाक्य कशाला काढलंत, बाई? तो येत होता, एवढं तरी कुठेतरी राहिलं असतं. आता भाचा म्हणतो, बघ मावशी, तूच लिहिलंयस की शेजारचं मशीन म्हणून."

"तुम्ही परत लिहून द्या. मी तसंच लावते."

"परत लिहिलं तर तो जबाब होईल," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती शिवत होती आणि मी लिहीत होते. आता काय बघून लिहू?"

एवढे बोलून त्या पायऱ्या उतरल्या.

त्या दुपारपासून काकूंच्या मागे तो आवाज लागला.

पहिल्यांदा तो त्यांना आतल्या खोलीतल्या पंख्यात ऐकू आला. पंखा फिरता फिरता चार वेळा कटकटला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि मग एका दमात फिरत राहिला. काकूंनी मान वर केली. पंखा नेहमीसारखाच होता. दुसऱ्या दिवशी सुनेच्या छपाईयंत्रातून कागद बाहेर येताना तोच ताल आला. घरी स्वयंपाकघरात पातेल्यावरचे झाकण वाफेने हलू लागले: चार ठोके, मग थांबणे, मग सलग. काकूंनी गॅस बंद केला. झाकण हलायचे थांबले, पण तो ताल लगेच थांबला नाही. शिवण संपवूनच तो थांबला.

"आई, अशा काय उभ्या आहात?" त्यांच्या स्वतःच्या सुनेने विचारले.

"कुठे मशीन चालू आहे का गं?"

"कसलं मशीन? तुम्ही त्या बहिऱ्यांच्या दुकानात बसून आता नको ते ऐकायला लागलात." ती हसत म्हणाली. काकूही हसल्या, कारण हसणे आवश्यक होते.

काकू भित्र्या नव्हत्या. भुताखेतांच्या गोष्टी त्यांनी नातवंडांना सांगितल्या होत्या आणि स्वतः कधी मानल्या नव्हत्या. हा आपल्या मनाचा खेळ आहे, चोराच्या मनात चांदणे असते, असे त्यांनी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले. तरीही त्यांना असे वाटत राहिले की त्या आवाजाला एक घर होते, त्याचे दार आपण खडूने बंद केले, आणि आता तो जागा शोधीत आपल्या मागून हिंडत आहे. जिथे जागा सापडेल तिथे तो चार टाके घालतो, ही आपली खोली नव्हे असे त्याला कळते, आणि तो पुढे जातो.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे काकूंना आता इतर चिठ्ठ्यांचाही भरवसा वाटेना. बोर्डावरच्या सुधारलेल्या प्रती त्या वाचू लागल्या तर सर्वांमधून एकच बाई बोलत होती. रखवालदारही तिच्याच आवाजात बोलत होता आणि बायकोला कंटाळलेले गृहस्थही. ती बाई शुद्ध बोलत होती, सावकाश बोलत होती, आणि ती काकूच होती. ही सगळी माणसे कोठे गेली, असे त्यांच्या मनात आले. आपण त्यांना कोठे पाठवले?

त्यांनी साहेबांना विचारले, "ती चिठ्ठी जशी होती तशी फळ्यावर लिहू का?"

साहेबांनी चष्मा काढला. "काकू, मला त्या बाईंचं वाईट वाटतं. पण विचार करा. यंत्रांच्या दुकानाबाहेर आपण लिहायचं की आमचं यंत्र लावा, मेलेली बहीण ऐकू येईल? उद्या कोणी येईल, म्हणेल माझे सासरे ऐकू येत नाहीत, पैसे परत द्या."

"सासऱ्यांसाठी कोणी येणार नाही, बाबा," सून संगणकावरून नजर न काढता म्हणाली. "आवाज बंद करायचं यंत्र आहे का, असं विचारायला मात्र येतील."

"बघा. हे असं आहे." साहेब काकूंकडे वळले. "शिवाय ती चिठ्ठी आहे कुठे? टोपलीतली रद्दी गेली."

चिठ्ठी गेली होती हे खरे होते. परंतु काकूंना तिचे एकेक अक्षर आठवत होते. जे सहज वाचतात ते वाचलेले विसरतात. काकूंनी ती चिठ्ठी दगडावरून चालावे तशी वाचली होती आणि कोणता दगड कोठे टोचला ते त्यांच्या पायांना माहीत होते.

निर्णय घेण्यास त्यांना वेळ लागला, आणि त्याचे कारण साहेबांची भीती हे नव्हते. फळ्यावरचे अक्षर काकूंचे आहे, हे आता सगळ्या रस्त्याला ठाऊक होते. समोरचा औषधवाला येताजाता म्हणे, "काकू, तुमचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं." वर्गातल्या इतर बायका मुद्दाम त्या रस्त्याने जात. मॅडमनी एकदा नव्या बायकांना फळ्यापुढे उभे करून सांगितले होते, "पाहा, या वयात शिकून असं लिहिता येतं." त्या चुका फळ्यावर गेल्या तर त्या टेलरबाईंच्या म्हणून कोण वाचणार? लोक म्हणणार, काकू विसरल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, शिकली तरी अडाणी ती अडाणीच. जन्मभरात एकच गोष्ट काकूंनी स्वतःसाठी मिळवली होती, आणि ती दारात उभी करून तिला शेण फासायचे होते. हे त्यांना फार जड गेले.

तरीही एका सकाळी, दुकान उघडण्याची वेळ झालेली नसताना, त्यांनी फळा ओल्या फडक्याने पुसला. तो वाळेपर्यंत त्या थांबल्या. मग खडू घेऊन त्यांनी लिहिले, "यंत्र लावल्यापासुन". हात आपोआप दीर्घ वळण घेऊ लागला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. बरोबर लिहायला शिकताना जितके कष्ट पडले होते तितकेच चुकीचे लिहिताना पडले. "आक्का शीवत आसते" हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी उरलेला मजकूर पुरा केला आणि खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

सुनेने आल्याबरोबर वाचले. "काकू, हे काय? मी हे वेबसाइटवर टाकणार नाही, आधीच सांगते."

"नका टाकू. तिथलंही शेजारचं मशीन तेवढं काढा. काहीच नसलं तरी चालेल. खोटं नको."

"आणि बाबा?"

साहेब फळ्यापुढे उभे होते. त्यांनी ते दोनदा वाचले. "ज्याला विचारायचं असेल तो आत येऊन विचारेल," ते शेवटी म्हणाले. "मी सांगेन, नळी सैल होती. तेही खरंच आहे." आणि ते आत गेले.

अपेक्षेप्रमाणे लोक हसले. औषधवाल्याने लांबूनच विचारले, "काकू, आज चष्मा घरी राहिला वाटतं?" शाळेतून परतणाऱ्या मुलांनी चुका मोजण्याचा खेळ केला. काकू आत बसून साचे धूत राहिल्या. दुपारनंतर वर्गाच्या मॅडम आल्या आणि काकूंना वाटले, आता भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरे.

मॅडम आत आल्या नाहीत. त्यांनी फळ्याच्या कडेचा खडू उचलला आणि "शीवत" या शब्दाची वेलांटी बोटाने पुसू लागल्या. हे त्या सवयीने करीत होत्या, जसे आई रस्त्यातही मुलाचे नाक पुसते. काकू धावत बाहेर आल्या.

"मॅडम, राहू द्या. ते माझं नाही."

"अक्षर तर तुमचंच आहे."

"अक्षर माझं आहे. लिहिलंय दुसऱ्या बाईंनी. त्यांना असंच हवंय."

मॅडमनी पुन्हा वाचले, या वेळी चुका न पाहता. त्यांचा चेहरा बदलला. "ही अक्का कोण?"

"गेली ती."

मॅडमनी खडू काकूंच्या हातात दिला. "मी पुसली ती वेलांटी तुम्हीच काढा," त्या म्हणाल्या. "पण काकू, लोक तुम्हाला हसतायत."

"हसू देत. ऐकू येतंय मला." काकूंनी पुसलेली चूक पुन्हा जागेवर बसवली.

टेलरबाईंना ते सांगण्यासाठी काकू कुलपांच्या दुकानावरचा जिना चढून गेल्या. दुपारची वेळ होती. शेजारी खरोखरच मोकळा जिना होता, त्यावर कोणाच्या घराचे दारही नव्हते. टेलरबाईंनी त्यांना मागच्या खोलीत बसवले. मधल्या दारातून पुढची खोली दिसत होती. खिडकीखाली जेथे मशीन असावे तेथे फरशीवर चार पायांचे चार फिकट ठसे होते, आणि त्या जागेवर टेलरबाईंनी काहीही ठेवले नव्हते. भाच्याने आणलेले कपाट भिंतीला लागून अंग चोरून उभे होते.

"जसं होतं तसं लिहिलंय," काकूंनी सांगितले. "सगळ्या चुकांसकट."

"चुका होत्या?" टेलरबाईंनी विचारले.

"होत्या थोड्या."

"मग काढायच्या होत्यात त्या. त्यांचं मला काय." त्या चहा गाळू लागल्या. ज्या वेलांट्यांसाठी त्यांनी आपली अब्रू पणाला लावली होती त्या या बाईला नकोच होत्या. तिला फक्त बहीण हवी होती.

"अजून आली नाही ती," टेलरबाई म्हणाल्या. "रुसली असेल. लहानपणापासून मनात धरून ठेवायची."

त्या दोघी चहा घेऊ लागल्या. टेलरबाई अक्काच्या रुसण्याच्या गोष्टी सांगत होत्या. एकदा बाही उलटी शिवली म्हणून धाकटी हसली, तर अक्काने आठवडाभर फक्त फळीवर हात आपटून बोलणे चालवले, तोंड उघडले नाही. काकू ऐकत होत्या आणि त्याच वेळी त्यांच्या आत तो ताल चालू होता, जिना चढतानाही चालू होता, बशीवर कप किणकिणत होता त्यातही होता. चार टाके, थांबणे, मग सलग. इतक्या दिवसांत त्यांना त्याची सवयही झाली होती आणि दहशतही.

बोलता बोलता टेलरबाई थांबल्या. त्यांनी हात वर केला, बोटे किंचित पसरलेली, जसे कोणी कापड धरून ठेवण्यास सांगते. त्यांचे तोंड पुढच्या खोलीकडे वळले. खिडकीखालची जागा रिकामी होती आणि तिच्यावर ऊन पडले होते.

काकूंनीही कान दिला. पंखा बंद होता. खालच्या दुकानात कोणी किल्ली घासत नव्हते. आणि त्यांच्या आत जे इतके दिवस चालू होते ते थांबलेले होते, अर्ध्या शिवणीत, एखाद्याने पाय उचलून घ्यावा तसे. काकूंना काहीही ऐकू येत नव्हते.

"परक्या माणसासमोर ती शिवत नसे," टेलरबाई मान न वळवता हळू आवाजात म्हणाल्या. बहिऱ्या माणसाचा इतका हळू आवाज काकूंनी कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला घरातली समजली असेल."

"ऐकू येतंय ना?" असे त्या काकूंना विचारतील, असे काकूंना वाटले आणि आपण काय उत्तर द्यावे याचा त्या विचार करू लागल्या. परंतु टेलरबाईंनी काही विचारले नाही. काकूंच्या हातातला कप रिकामा झाला होता. तो बशीवर ठेवला तर आवाज होईल, म्हणून त्या तो तसाच हातात धरून बसून राहिल्या.